एक नग

ऑक्टोबर २०१५ मधली एक सकाळ. अण्णा पेपर वाचत होते आणि आतल्या पानावरची एक छोटी बातमी त्यांनी मोठ्याने वाचून दाखवली. अपोलो १५ मधून चंद्रावर जाऊन आलेल्या डेव्हिड स्कॉट यांचं मनगटी घड्याळ अमेरिकेत लिलावात सव्वासोळा लाख डॉलरला गेलं. मी मनातल्या मनात रुपये करायला लागले. दहा कोटींच्या वर जात होते. अण्णांना त्या आकड्याशी काही देणंघेणं नव्हतं. "हे त्याचं स्वतःचं असणार," ते म्हणाले, "म्हणून तर विकता आलं. बाकीच्यांची सरकारी असतील. ती परत करावी लागतात." मग पेपरची घडी करून उठले आणि झाडांना पाणी घालायला गेले. ते शेवटचं वाक्य त्यांनी ज्या आवाजात म्हटलं तो आवाज माझ्या डोक्यातून काही जाईना. तक्रारीचा सूर त्यात नव्हता. पण एखाद्याला जुनं दुखणं कुठे आहे ते नेमकं ठाऊक असावं आणि बोट ठेवताना त्याने ती जागा टाळावी, तसं काहीसं होतं.

अण्णांची सगळी नोकरी नदीचं पाणी मोजण्यात गेली. कृष्णाकाठच्या सरिता मापन केंद्रावर. पावसाळ्यात तासातासाला पट्टी वाचायची, आणि दिवसातून ठरलेल्या वेळी होडीतून पात्रात जाऊन करंट मीटर पाण्यात सोडायचा. तो मीटर म्हणजे छोट्या वाट्यांचं एक चक्र. प्रवाहाने फिरतं, आणि ठरावीक फेऱ्या झाल्या की कानाला लावलेल्या यंत्रात टक्क वाजतं. पात्राच्या रुंदीचे भाग पाडायचे, प्रत्येक भागात खोली घ्यायची, पृष्ठभागापासून सहा दशांश खोलीवर वेग घ्यायचा, मग क्षेत्रफळ गुणिले वेग. त्यातून क्युसेकचा आकडा निघायचा, तो वायरलेसवर जायचा, आणि त्या आकड्यावर खालच्या गावांनी सामान हलवायचं की नाही हे ठरायचं. या सगळ्यात वेळ मोजायला खात्याने अण्णांना एक स्टॉपवॉच दिलेलं होतं. निकेलचं, चावीचं, तळहातात गच्च बसणारं. पूर इतका आला की होडी घालणं शक्य नसे. तेव्हा काठावर दोन खांब रोवलेले असत, वरच्या खांबापाशी ओंडका सोडायचा आणि तो खालच्या खांबापाशी कधी पोहोचतो ते बघायचं. त्या वेळी तर सगळी भिस्त त्या एका स्टॉपवॉचवर.

आईने अण्णांच्या बंड्यांना आतून एक खिसा शिवला होता, फक्त त्याच्यासाठी. नाडी गळ्यात, घड्याळ खिशात. आम्हा मुलांना हात लावायची परवानगी नव्हती, पण रात्री ते चावी द्यायचे तेव्हा कधीकधी माझ्या कानाला लावायचे. सेकंदाला पाच ठोके. हे अण्णांनीच शिकवलं: काटा सरकत नाही, उड्या मारतो, एका सेकंदात पाच उड्या, म्हणून यावर सेकंदाचा पाचवा भाग मोजता येतो, त्याहून कमी नाही. पाठीमागे खात्याचा क्रमांक तांबड्या ऑइलपेंटने लिहिलेला होता. अण्णांच्या घामाने तो पुसट झाला की ते स्वतःच दर दोन-तीन वर्षांनी बारीक कुंचल्याने परत गिरवायचे.

निवृत्तीच्या दिवशी चार्ज देताना त्यांनी ते परत केलं. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंद होती: स्टॉपवॉच, एक नग. नव्या माणसाने नोंदीपुढे सही केली. पुढे ते निर्लेखित झालं आणि भंगारात गेलं, एवढंच आमच्या कानावर आलं. अण्णा त्याबद्दल कधी बोलले नाहीत. त्या सकाळपर्यंत.

मग मी त्या बातमीच्या मागे लागले. अण्णांचा अंदाज खरा होता. अपोलोच्या अंतराळवीरांना नासाने ओमेगा कंपनीचं स्पीडमास्टर घड्याळ दिलेलं असे आणि ते सरकारी मालमत्ता म्हणून परत करावं लागे. स्कॉट यांनीही पहिल्या दोन चांद्रफेऱ्यांत तेच घातलं होतं. दुसऱ्या फेरीहून यानात परत आल्यावर दिसलं की त्याची काच निघून पडली आहे. तिसऱ्या फेरीला, २ ऑगस्ट १९७१ रोजी, त्यांनी सोबत नेलेलं स्वतःचं बुलोवाचं घड्याळ बांधलं. त्याच फेरीच्या शेवटी त्यांनी एका हातातून हातोडा आणि दुसऱ्यातून पीस एकदम सोडलं आणि दोन्ही एकाच वेळी जमिनीला टेकली. ते दृश्य आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. एक काच निखळली म्हणून एक खाजगी घड्याळ चंद्रावरच्या धुळीत वावरून आलं, आणि खाजगी होतं म्हणून चव्वेचाळीस वर्षांनी त्याला बोली लागली.

पण माझं मन त्या महागड्या घड्याळात रमलं नाही. शोधता शोधता मी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई आणि अंतराळ संग्रहालयाच्या नोंदींपर्यंत पोहोचले आणि तिथे मायकेल कॉलिन्स यांच्या घड्याळापाशी थांबले. अपोलो ११ चे तिसरे. खाली न उतरलेले. जुलै १९६९ मध्ये त्यांना वापरायला दिलेलं ते स्पीडमास्टर आता तिथल्या संग्रहात आहे. या घड्याळाचं रूप बहुतेकांना माहीत असेल: काळी तबकडी, तिच्यात तीन छोट्या तबकड्या, कडेने वेग काढायची पट्टी, उजवीकडे चावी आणि तिच्या वर-खाली स्टॉपवॉचची दोन बटणं. वरची काच खरं तर काच नसते, प्लास्टिक असतं; काच फुटली तर वजनरहित केबिनमध्ये तिचे कण तरंगत डोळ्यात नाकात जातील, प्लास्टिकचे तसे होत नाहीत. दाबसूटच्या जाड बाहीवरून बांधता यावं म्हणून लांबलचक व्हेल्क्रोचा पट्टा. आणि आतलं यंत्र अगदी अण्णांच्या स्टॉपवॉचसारखं, रोज हाताने चावी द्यायची, ताशी अठरा हजार ठोके. भागाकार करून बघा. सेकंदाला पाच.

हे वाचलं आणि मी खुर्चीत मागे टेकून बसले.

या घड्याळाने ही जागा परीक्षा देऊन मिळवलेली होती. १९६४ मध्ये उड्डाण पथकाचे प्रमुख डीक स्लेटन यांनी अंतराळवीरांसाठी घड्याळांची मागणी नोंदवली आणि जेम्स रेगन नावाच्या तरुण अभियंत्याकडे ते काम आलं. बाजारातली घड्याळं मागवली गेली आणि त्यांचे हाल हाल करण्यात आले. ७१ अंश सेल्सियसमध्ये दोन दिवस, मग अर्धा तास ९३ अंश. शून्याखाली १८ अंशांत चार तास. निर्वात कोठीत. ९५ टक्के दमट हवेत दहा दिवस. गुरुत्वाकर्षणाच्या चाळीसपट जोराचे धक्के, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. एका कंपनीच्या घड्याळाची काच उष्णतेने वाकली, दुसरं दमट हवेत बंद पडलं. ओमेगा चालत राहिलं. १ मार्च १९६५ रोजी त्याला अधिकृत मान्यता मिळाली आणि त्याच जूनमध्ये एड व्हाइट अमेरिकेतर्फे पहिल्यांदा अंतराळात यानाबाहेर पडले तेव्हा ते त्यांच्या बाहीवर होतं. मला या कहाणीतलं सगळ्यात आवडतं ते हे, की हे घड्याळ अंतराळासाठी बनवलेलंच नव्हतं. मोटारींच्या शर्यती डोळ्यांसमोर ठेवून काढलेलं, दुकानात मिळणारं घड्याळ. वॉली शिरा यांनी तर १९६२ मध्ये, या परीक्षांच्या आधीच, स्वतःचं विकत घेतलेलं स्पीडमास्टर बुधयानात, म्हणजे मर्क्युरीच्या उड्डाणात, घालून नेलं होतं.

अपोलो ११ च्या तीन घड्याळांचं नशीब बघा. आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरले तेव्हा त्यांच्या हातात घड्याळ नव्हतं. चांद्रयानातलं इलेक्ट्रॉनिक टायमर बिघडलं होतं म्हणून त्यांनी आपलं ओमेगा पर्याय म्हणून आत ठेवलं. ऑल्ड्रिन यांनी आपलं उजव्या मनगटावर बांधलं आणि ते बाहेर पडले. म्हणजे चंद्रावर चालताना घातलेलं पहिलं घड्याळ ते. आणि नेमकं तेच हरवलं. पृथ्वीवर परतल्यावर, स्मिथसोनियनकडे, म्हणजे हे संग्रहालय ज्या संस्थेचं आहे तिच्याकडे, पाठवताना वाटेत कुठेतरी गहाळ झालं, ते आजतागायत सापडलेलं नाही. चार लाख किलोमीटर जाऊन चार लाख किलोमीटर सुखरूप परत आलेली वस्तू ह्यूस्टन आणि वॉशिंग्टनच्या मध्ये नाहीशी व्हावी, याचं मला अजूनही वाईट वाटतं. नोंदवहीत कुणीतरी सही घेतली असती तर, असं अण्णा म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले. राहिली दोन. एक यानात थांबलेलं, एक वर कक्षेत फिरत राहिलेलं.

कॉलिन्स कोलंबिया यानात एका दिवसाहून जास्त वेळ एकटे होते. साधारण दोन तासांत चंद्राला एक फेरी, आणि प्रत्येक फेरीत अठ्ठेचाळीस मिनिटं चंद्राच्या पाठीमागे, जिथे पृथ्वीचा रेडिओ पोहोचत नाही. त्यांच्या एकटेपणावर लोकांनी इतकं लिहिलं आहे की ते वाचवत नाही. मला त्या अठ्ठेचाळीस मिनिटांत दिसतो तो कामात बुडालेला माणूस. वीज तयार करणाऱ्या इंधन-घटांतून निघणारं पाणी बघायचं, यानाची दिशा बघायची, खालच्या दोघांना वर यायला काही अडचण आली तर कुठल्या कक्षेत जाऊन त्यांना गाठायचं याचे वेगवेगळे बेत गळ्यात अडकवलेल्या वहीत तयार ठेवायचे. यानात घड्याळं होतीच. मनगटावरचं आपलं सोबतीला, ती बंद पडली तर म्हणून. पण पर्यायी वस्तूची किंमत कळते ती मुख्य वस्तू दगा देते तेव्हा. नऊ महिन्यांनी, एप्रिल १९७० मध्ये, अपोलो १३ मध्ये स्फोट झाला, वीज वाचवायला जवळजवळ सगळं बंद करावं लागलं आणि परतीचा मार्ग सुधारायला इंजिन चौदा सेकंद चालवायचं ठरलं. लोव्हेल आणि हेज यानाची दिशा सांभाळत होते आणि जॅक स्विगर्ट मनगटावरच्या ओमेगाकडे बघून सेकंद मोजत होते. चौदा सेकंद म्हणजे सत्तर उड्या. पुरात ओंडका सोडून काठावर उभे राहिलेले अण्णा मला त्या वाक्यापाशी दिसले, आणि दोन्हींची तुलना होऊ शकत नाही हे माहीत असूनही दिसत राहिले.

माझं मन या सगळ्यात एकाच बाजूला झुकलं असंही नाही. सरकारी वस्तू सरकारजमा झाली पाहिजे हे मला पटतं. ती जमा झाली नसती तर आज कॉलिन्स यांचं घड्याळ कुठल्या तरी श्रीमंताच्या तिजोरीत असतं आणि कुणालाही त्याचा फोटोसुद्धा बघता आला नसता. पण या नियमाचा काच माणसांना किती लागतो तेही दिसतं. अपोलो १४ चे एडगर मिचेल यांनी चांद्रयानातला एक छोटा चित्रपट कॅमेरा जपून ठेवला होता. चांद्रयान तर चंद्रावर आदळवूनच टाकलं जाणार होतं, तो आणला नसता तर त्याचा चुराच झाला असता. त्यांनी तो लिलावाला काढला तेव्हा २०११ मध्ये अमेरिकी सरकारने त्यांच्यावर दावा लावला. ऐंशी वर्षांच्या माणसाने शेवटी कॅमेरा सोडून दिला आणि तो याच संग्रहालयात गेला. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१२ मध्ये, कायदा करून त्या काळच्या अंतराळवीरांनी जवळ ठेवलेल्या टाकाऊ वस्तू, तपासणी याद्या, वैयक्तिक नोंदी यांच्यावर त्यांची मालकी मान्य करण्यात आली. चंद्रावरचे दगड मात्र वगळून.

आर्मस्ट्राँग यांची गोष्ट तर मला फारच लागली. ऑगस्ट २०१२ मध्ये ते गेले आणि नंतर त्यांच्या पत्नीला घरातल्या एका कपाटात पांढऱ्या कापडाची एक पिशवी सापडली. ईगल या त्यांच्या चांद्रयानातल्या किरकोळ वस्तू, चंद्रावरच सोडून यायच्या होत्या त्या. त्यात पहिलं पाऊल टिपणारा कॅमेरा होता, आणि कमरेला बांधायचा एक पट्टाही होता. चंद्रावर झोपायची वेळ झाली तेव्हा तसाच एक पट्टा आर्मस्ट्राँग यांनी पाय टेकवायला झोळीसारखा बांधला होता, यानात पडायला नीट जागा नव्हती म्हणून. चाळीस वर्षांवर ती पिशवी त्यांच्या घरात होती आणि त्यांनी तिचा बोभाटा केला नाही. विकली नाही, मिरवली नाही, परतही केली नाही. का ठेवली असेल? मला वाटतं, कमरेचा पट्टा ही त्यांच्या लेखी ऐतिहासिक वस्तू नव्हतीच. रात्री पाय टेकवले होते ती वस्तू होती. अंगाला लागलेल्या वस्तूशी माणसाचं जे होतं ते कुठल्याच रजिस्टरला नोंदवता येत नाही, आणि ते नोंदवता येत नाही म्हणून ते नसतं असंही नाही.

आता त्या नोंदीकडे परत येते. कॉलिन्स यांच्या घड्याळाच्या नोंदीत मथळ्यालाच वस्तू, मग माणूस, मग मोहीम असं लिहिलेलं आहे. क्रोनोग्राफ, कॉलिन्स, अपोलो ११. मालक म्हणून त्यांचं नाव नाही, मालक ते कधीच नव्हते. कुणाच्या हातावर ते चाललं, एवढंच. मी ते अण्णांना दाखवलं तेव्हा ते स्क्रीनकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे बरोबर केलं." नग ओळखायला क्रमांक लागतो हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार, तांबड्या रंगाने तो त्यांनीच गिरवला होता. पण क्रमांक फक्त वस्तू हरवली की नाही एवढंच सांगतो. ती वस्तू कशाला झिजली, कुणाच्या घामाने तिचा रंग उडाला, हे कळायला नाव लागतं.

अण्णांनी लगेच त्यांच्या सवयीने दुसरा प्रश्न विचारला: चावी देतात का आता? बहुतेक संग्रहालयं देत नाहीत. यंत्र चाललं की झिजतं, तेल सुकलेलं असलं तर जास्तच झिजतं, म्हणून थांबलेलंच बरं. शिवाय त्या काळी काट्यांवर आणि खुणांवर ट्रिटियमचा लेप असे, अंधारात दिसावं म्हणून. ट्रिटियम साधारण सव्वाबारा वर्षांत निम्मं होतं, मग पुन्हा निम्मं, पुन्हा निम्मं. चंद्राच्या सावलीत ज्या खुणा हिरव्या उजळत होत्या त्या आज जुन्या सायीच्या रंगाच्या झाल्या आहेत आणि अंधार केला तरी बोलत नाहीत. हे ऐकून अण्णा जरा खट्टू झाले. वापरायची वस्तू बंद ठेवलेली त्यांना बघवत नाही. आमच्या घरी अजूनही भिंतीवरच्या घड्याळाला रविवारी चावी दिली जाते. मला मात्र त्यात वाईट वाटलं नाही. त्या घड्याळाने करायचं ते काम केलं आहे. आता ते फक्त दाखवायला आहे, की काम झालं होतं.

आणि एक योग असा की ज्यांच्या मनगटावरचं हे घड्याळ, तेच १९७१ मध्ये त्या संग्रहालयाचे संचालक झाले. नॅशनल मॉलवरची नवी इमारत कॉलिन्स यांच्या देखरेखीखाली उभी राहिली आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीला, १ जुलै १९७६ रोजी, उघडली. उद्घाटनाची फीत कापायला मंगळाभोवती फिरत असलेल्या व्हायकिंग १ यानाकडून आलेला संकेत वापरला होता. त्याच इमारतीत त्यांचं कोलंबिया यान लोकांसमोर ठेवलं गेलं. पृथ्वीवर परतल्यावर त्याच्या आतल्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या चार ओळी आजही आहेत, या मालिकेतलं सगळ्यात उत्तम यान, देव त्याचं भलं करो, अशा अर्थाच्या, खाली सही. सरकारी यानाच्या भिंतीवर असं लिहिणं नियमात बसलं नसावं. बरं झालं लिहिलं. २८ एप्रिल २०२१ रोजी ते गेले.

गेल्या पावसाळ्यात मी अण्णांच्या कच्च्या वह्या उतरवून घ्यायला सुरुवात केली. पक्के तक्ते दरमहा खात्याकडे जात. कच्ची वही मात्र स्वतःची, ओल्या हाताने पेन्सिलीत लिहिलेली. तारीख, वेळ, पट्टीची पातळी, फेऱ्या, सेकंद. कागद पाण्याने फुगून मग वाळलेला, काही आकडे फक्त पेन्सिलीच्या दाबावरून वाचता येतात, पान तिरकं उजेडात धरून. मी संगणकावर रकाने पाडले आणि शेवटी एक रकाना घातला, मोजणारा, आणि त्यात त्यांचं नाव भरत गेले. अण्णांनी चष्मा लावून ते पाहिलं आणि म्हणाले, "अजून एक रकाना घाल." कशाचा, मी विचारलं. "होडी कोण धरून होतं त्याचा. मी घड्याळाकडे बघत असायचो तेव्हा होडी एका जागी राहिली पाहिजे ना. नाहीतर सेकंद बरोबर येऊन उपयोग काय?" मग त्यांनी बोलायला सुरुवात केली. कोणत्या साली कोण होतं, कुणाची वल्ह्यावर चांगली पकड होती, कोण पुराच्या दिवशी आधी नारळ सोडल्याशिवाय होडीत पाय ठेवत नसे. एकदोन नावं त्यांना आठवेनात. तिथे त्यांनी मला रकाना मोकळा ठेवायला सांगितला आणि गावात फोन लावला.